ताण अस्तराला द्यायचा, रेशमाला नाही

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा असा:

वय 57. कोल्हापुरात तीस वर्षं ब्लाउज शिवायचा व्यवसाय, हाताखाली चार मुली. मधुमेह आहे. गेल्या दीड वर्षात आहार, चालणं आणि आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन यांनी 21 किलो वजन उतरलं. साखर आटोक्यात आली, गुडघे दुखायचे थांबले, पण चेहरा उतरला. गाल ओघळले, हनुवटीच्या दोन्ही बाजूंना पिशव्या आल्या, मानेची कातडी लोंबते. रोज एखादं तरी गिऱ्हाईक विचारतं, ‘काकी, बरं नाही का?’ मुलीचं लग्न चार महिन्यांवर, मार्गशीर्षात आहे. भिशीचे आणि साठवलेले पैसे आहेत. तीन डॉक्टरांना भेटून झालं. एक म्हणाले, फेसलिफ्ट, म्हणजे ओघळलेला चेहरा उचलायचं ऑपरेशन, डीप प्लेन पद्धतीनेच करा, बाकी सगळं जुनं झालं. दुसरे म्हणाले, स्मासचे टाके पुरेत, खर्च निम्मा. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं, धागे घालू, तासाभरात घरी. ‘यातली कुठली पद्धत सगळ्यात नैसर्गिक दिसते तेवढं सांगा. ओढल्यासारखा चेहरा मला नको. आणि कोणाला कळायला नको. घरी मानेतली गाठ काढायची आहे असं सांगून पुण्याला जाणार आहे.’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुम्ही विचारलेला प्रश्न वाचला, दुसऱ्यांदा ती गाठ. गाठीकडे मी येणारच आहे, पण आधी पद्धतींचं बोलू.

मी सर्जन नाही. पस्तीस वर्षं भूल देण्यात गेली, त्यातली बरीच प्लास्टिक सर्जरीच्या थिएटरमध्ये. एरवी भूल देणारा रुग्णाच्या डोक्याशी बसतो. फेसलिफ्टमध्ये डोकं सर्जनच्या ताब्यात जातं, आम्हाला लांब नळ्या जोडून बाजूला, कधी पार पायांकडे सरकावं लागतं. तिथून चार-चार, पाच-पाच तास पाहिलं आहे, म्हणून लिहिते. आणि तुम्ही ब्लाउज शिवता म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल.

पैठणीचा ब्लाउज फिटिंगला बसवताना तुम्ही वरचं रेशीम खेचता का? नाही. आतलं टू बाय टूचं अस्तर नीट धरता, टक्स त्याला देता, आणि रेशीम त्याच्यावर अलगद बसवता. रेशमालाच ताण दिला तर दोन वेळा घातल्यावर शिलाईपाशी विरतं. फेसलिफ्टचा शंभर वर्षांचा इतिहास एवढ्यात येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात ही ऑपरेशनं सुरू झाली तेव्हा सर्जन फक्त कातडी खेचायचे. कानापुढे थोडी कापायची, ओढायची, शिवायची. कातडी ताणली जाते, पुन्हा सैल होते, आणि टाक्यांवर जोर येऊन व्रण रुंद होतो. तुम्हाला जो ‘ओढल्यासारखा चेहरा’ नको आहे, तो मुळात तिथला.

पुढे लक्षात आलं की कातडीखाली चरबी आणि चरबीखाली स्नायू व तंतूंचा एक पातळ पदर आहे. तोच खाली उतरून मानेच्या स्नायूला मिळतो. स्वीडनच्या स्कूग यांनी हा खालचा थर कातडीसकट उचलायला सुरुवात केली होती. 1976 मध्ये पॅरिसच्या मित्झ आणि पेरोनी यांनी या पदराचं नीट वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं, त्याची इंग्रजी आद्याक्षरं म्हणजे तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचं ‘स्मास’. हा पदर म्हणजे अस्तर. ताण त्याला द्यायचा, आणि वरची कातडी जेवढी आपोआप जादा उरेल तेवढीच कापायची.

आता या अस्तराचं काय करायचं, यावर सगळ्या पद्धती वेगळ्या होतात. कोणी त्याला नुसती चुणी घालून टाके मारतं, म्हणजे तुमचे टक्स. कोणी त्याची एक पट्टी कापून कडा जोडतं. कोणी तो पदर कातडीपासून वेगळा सोडवून, उचलून वर बसवतं. बेल्जियमच्या दोन सर्जननी 2002 च्या सुमारास छोट्या छेदातून धाग्याचे फास टाकून तो सरळ वर कानशिलाकडे टांगायची पद्धत आणली. व्रण लहान राहतो, पण मानेची कातडी फार सैल असेल तर ती पद्धत अपुरी पडते.

आणि डीप प्लेन? 1990 मध्ये डॅलसच्या हामरा यांनी ती मांडली. तिच्यात कातडी आणि अस्तर वेगळे करत नाहीत, दोन्ही एकत्र उचलतात, आणि चेहऱ्याला हाडाशी धरून ठेवणारे जे घट्ट बंध असतात ते सोडवतात. उसवल्याशिवाय नवं माप बसत नाही, तसंच हे. बंध सुटल्यावर गाल मोकळा होऊन वर येतो, वरच्या कातडीवर ताण फारच कमी राहतो, आणि कातडी जाड थरासकट उचललेली असल्यामुळे तिचा रक्तपुरवठा चांगला टिकतो. हे तिचे खरे गुण आहेत. पण सर्जनची कात्री चेहऱ्याच्या नसेच्या फांद्यांच्या जवळून चालते, ऑपरेशन लांबतं, सूज जास्त दिवस राहते. ज्याचा हात त्यात रोजचा आहे त्याच्याकडून ती सुंदर होते. ज्याने ती परवाच्या कार्यशाळेत पाहिली, त्याच्याकडून मी तरी करून घेणार नाही.

म्हणून ‘बाकी सगळं जुनं झालं’ हे वाक्य मला पटलं नाही. 1995 मध्ये अमेरिकेत चार नामांकित सर्जननी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या दोन जोड्यांवर आपापल्या वेगळ्या पद्धतीने फेसलिफ्ट केलं. त्यात हे हामराही होते. एक, सहा आणि दहा वर्षांनी फोटो शेजारी ठेवून पाहिले. अमुक एकच पद्धत बाकीच्यांवर मात करते असं काही म्हणता येईना. 1996 मध्ये आणखी एक धाडसी अभ्यास छापून आला. 21 रुग्णांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला एक पद्धत, दुसऱ्या बाजूला दुसरी. वर्षभराने दोन बाजूंत फरक दिसला नाही. डीप प्लेनवाले म्हणतात की त्यानंतर तंत्र खूप पुढे गेलं, आणि गालाच्या मधल्या भागात व मानेत फरक पडतो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. जड चेहऱ्याला आणि खोल घड्यांना ती पद्धत बरी पडते हे मीही पाहिलं आहे. पण हल्ली ‘डीप प्लेन’ या शब्दाचं हापूसच्या पेटीसारखं झालंय. पेटीवर ‘देवगड’ छापलं म्हणून आतला आंबा देवगडचाच असतो असं नाही. दोन सर्जनना डीप प्लेन म्हणजे नेमकं काय करता असं विचारा, उत्तरं जुळली तर मला कळवा.

नैसर्गिक दिसणं पद्धतीच्या नावात नसतं, हे मी इतकं ठासून सांगते कारण ऑपरेशन झालेला चेहरा मी बसमध्येही ओळखते, आणि ओळखते तो चार खुणांवरून. कानाची पाळी गालाला चिकटून खाली ओढल्यासारखी दिसते, तिचा गोलवा गेलेला असतो. कल्ल्यापाशी केसांची रेषा वर सरकलेली असते. हसल्यावर गालाच्या घड्या कानाच्या दिशेने आडव्या पळतात, कारण ओढ वर न देता मागे दिलेली असते. आणि कानामागे केसांच्या रेषेत पायरी पडलेली असते. यातली एकही खूण स्मास की डीप प्लेन यावर ठरत नाही. ओढ कुठल्या दिशेला दिली, कातडी किती कापली आणि छेद कुठून नेला यावर ठरते.

कानामागची पायरी आपल्याकडे जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. परदेशी बाईचे मोकळे केस तो व्रण झाकतात. तुम्ही मशीनवर मान खाली घालून बसता, अंबाडा घालून. लग्नात त्यावर गजराही माळाल. मागे उभ्या असलेल्या प्रत्येकीला तुमचा कानामागचा भाग स्वच्छ दिसणार. तेव्हा सर्जनकडे जाताना अंबाडा घालूनच जा, आरशात त्यांना बोटाने दाखवा आणि म्हणा, छेद कुठून कुठे जाईल ते पेनाने काढून दाखवा. चांगला सर्जन लगेच पेन उचलतो.

आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला आणखी एक खोड आहे. सुरकुत्या तिला उशिरा पडतात, पण व्रण काळा पडतो किंवा उंचावतो. कान टोचल्यावर, देवीची लस घेतल्यावर किंवा भाजल्यावर तुमच्या अंगावर कधी जाड गाठीसारखा व्रण आला होता का, घरात कोणाला येतो का, हे सर्जनने विचारलं नाही तरी सांगा. कानाची भोकं जड कुड्यांनी ओघळली असतील तर त्याच भूलीत ती शिवून घेता येतील का, तेही विचारून ठेवा.

आता तिघांपैकी कोणीच तुम्हाला जे सांगितलेलं दिसत नाही ते सांगते. तुमचा चेहरा नुसता ओघळलेला नाही, तो रिकामा झालेला आहे. एकवीस किलोत गालांच्या आतल्या चरबीच्या गाद्याही गेल्या. उशीतला कापूस काढला आणि अभ्रा घट्ट केला तर उशी भरलेली दिसत नाही. नुसतं उचललं तर मान सुरेख होईल आणि गाल मात्र खप्पड दिसतील, म्हणजे तुमचं गिऱ्हाईक पुन्हा तेच विचारणार: बरं नाही का? वजन उतरलेल्या चेहऱ्यांना उचलण्याबरोबर भरणंही लागतं. बहुतेकदा पोटाची किंवा मांडीची थोडी चरबी सुईने काढून गालात पेरतात. त्यातली काही जगते, काही विरघळते, किती ते आधी सांगता येत नाही. पुढच्या भेटीत पहिला प्रश्न हा ठेवा: माझ्या चेहऱ्यात काय खाली आलंय आणि काय कमी झालंय? दोन्हींचं वेगवेगळं उत्तर देणारा माणूस तुमच्या कामाचा.

आणि मानेचं वेगळं विचारा. मानेच्या पुढच्या बाजूला स्नायूच्या दोऱ्या सुटल्या असतील तर हनुवटीखाली छोटा छेद घेऊन त्या मधोमध शिवाव्या लागतात. गाल कितीही वर नेले तरी समोरून लोंबणारी मान पूर्ण जात नाही. तुमच्यासारख्या चेहऱ्यात खरं काम मानेचंच असतं, असं माझं अनुभवातलं मत.

धाग्यांबद्दल फार लिहीत नाही. विरघळणारे काटेरी धागे कातडीखाली ओवून उचल देतात. चाळिशीतल्या, थोड्याशा सैल चेहऱ्याला काही महिने बरं दिसतं. तुमच्याकडे जादा कातडी आहे आणि धागा कातडी कापत नाही, गोळा करतो. कच्च्या धावदोऱ्यावरचा ब्लाउज लग्नाला घालून जाण्यासारखं आहे ते. पैसे वाचवा.

आता ती गाठ.

घरी खोटं सांगून जायचं, यात मला नीतीचा प्रश्न दिसत नाही. नवरा-बायकोतलं मी कोण बोलणार. मला दिसतो तो ऑपरेशननंतरचा पहिला दिवस. फेसलिफ्टनंतर सगळ्यात जास्त होणारी अडचण म्हणजे कातडीखाली रक्त साचणं. शंभरात साधारण दोन-चार जणींना होतं, पुरुषांत आणि रक्तदाब असलेल्यांत जास्त. बहुतेकदा ते पहिल्या चोवीस तासांत होतं. भूल देणाऱ्याचा सगळा जीव त्या शेवटच्या दहा मिनिटांत अडकलेला असतो, ते यामुळेच. नळी काढताना रुग्णाला ठसका लागला, उलटी झाली, दाब एकदम चढला, की चार तासांची मेहनत वाया. मी तेव्हा थिएटरमध्ये कोणाला मोठ्याने बोलूही द्यायची नाही.

एक बाई होत्या, कुठल्या गावच्या, कुठलं रुग्णालय, ते जाऊ दे. त्यांनी घरी दाताचं काम सांगितलं होतं. एक रात्र राहायचं ठरलेलं असताना संध्याकाळीच ‘बरं वाटतंय’ म्हणून सही करून मैत्रिणीकडे निघून गेल्या, आणि आम्हीही त्यांना जाऊ दिलं, ही आमची चूक. मैत्रीण रात्री झोपली. यांना उजव्या गालात ठणका लागला, चेहरा फुगायला लागला, पण मैत्रिणीला उठवायचं कसं आणि घरच्यांना फोन करायचा कसा, म्हणून पहाटेपर्यंत बसून राहिल्या. रक्त काढायला पुन्हा थिएटरमध्ये घ्यावं लागलं, आणि उशीर झाल्यामुळे कानामागची थोडी कातडी काळी पडून गेली. त्यांचा व्रण पद्धतीमुळे रुंद झालेला नाही. पहाटेपर्यंत फोन न केल्यामुळे झालाय.

तेव्हा सगळ्या कोल्हापूरला सांगू नका. गिऱ्हाइकांना तर अजिबात नको. पण पहिल्या दोन रात्री तुमच्या उशाशी जागं राहणाऱ्या एका माणसाला सगळं खरं माहीत हवं, आणि तुमचा नवरा तो माणूस नसेल तर कोण, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ठरलेलं हवं. एका गालावर अचानक सूज, वाढता ठणका, आवळल्यासारखं वाटणं, यातलं काहीही झालं तर त्याने घड्याळ न बघता सर्जनला फोन करायचा. खरं सांगू का, मला वाटतं नवऱ्याला सांगावं. गाठ म्हटली की तो माणूस आठ दिवस कॅन्सरच्या भीतीने झोपणार नाही. रिपोर्ट कुठाय विचारेल. तेव्हा काय दाखवणार?

‘या वयात नखरे’ असं कोणी म्हणेल ही धास्ती असेल तर एक गंमत सांगते. लंडनच्या एका मासिकात 1794 च्या ऑक्टोबरमध्ये कावसजी नावाच्या माणसाचं चित्र छापून आलं. त्याचं नाक टिपूच्या सैन्याने कापलं होतं आणि पुण्याजवळ एका देशी कारागिराने कपाळाची कातडी फिरवून ते नवीन करून दिलं होतं. ते वाचून इंग्रज सर्जन हे शिकले. तुटलेलं नाक आणि ओघळलेली मान यांची बरोबरी मी करत नाही. पण हे शास्त्र आपल्याकडे बाहेरून आलेलं फॅड नाही, एवढं नणंदेला सुनवायला पुरे.

तुमच्या शरीराचं थोडं बोलायला हवं, कारण माझा धंदा तो. आठवड्याचं इंजेक्शन घेता हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. त्या औषधाने पोट हळू रिकामं होतं. रात्रीपासून उपाशी असूनही पोटात अन्न राहू शकतं आणि भूलीत ते छातीत गेलं तर जिवावर बेततं. किती दिवस आधी थांबवायचं, आदल्या दिवशी फक्त पातळ घ्यायचं का, ते तेच ठरवतील. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्याही तीन-चार दिवस आधी बंद करायच्या असतात, पण मनाने नाही, तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट ताजा हवा. ॲस्पिरिन, माशाच्या तेलाच्या गोळ्या, लसणाच्या कॅप्सूल, सगळं लिहून न्या.

आणि मिश्री. तुम्ही लावता असं लिहिलेलं नाही, पण हे वाचणाऱ्या दहा जणींपैकी एखादी नक्की लावत असेल आणि ‘तंबाखू खाता का’ याला ‘नाही’ म्हणून मोकळी होत असेल. निकोटिन हिरड्यांतूनही रक्तात जातं आणि कातडीचा रक्तपुरवठा आवळतं. सिगारेट ओढणाऱ्यांची फेसलिफ्टनंतर कातडी झडण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या बारापट होतं, असं 1984 च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं. निदान महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर मिश्री पूर्ण बंद. जमणार नसेल तर ऑपरेशनच नको.

सर्जनची निवड करताना एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी ही पदवी पाहा, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे ती नोंदलेली आहे का ते तपासा. ‘कॉस्मेटिक’ हा शब्द पाटीवर कोणीही लिहू शकतं. फोटो मागाल ते वर्ष उलटून गेलेल्या रुग्णांचे, तोच उजेड, तोच कोन, केस मागे बांधलेले, मेकअप नसलेले. सहा आठवड्यांचा फोटो सुजेमुळे गुळगुळीत दिसतो, तो काही निकाल नाही. वजन उतरलेल्या, तुमच्या वयाच्या बाईचा एखादा फोटो आहे का विचारा. रात्रभर ठेवून घेणार का, रात्री कोण डॉक्टर हजर असेल, भूल कोण देणार, हेही. आणि बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे कागदावर. विमा यात एक रुपया देत नाही, वर 18 टक्के जीएसटी लागतो. निम्मा खर्च सांगणाऱ्याने तो धरलाय का ते बघा.

नसेची भीती सगळ्यांना असते, म्हणून सांगते. चेहरा कायमचा वाकडा होणं शंभरात एकापेक्षाही कमी वेळा घडतं. कानाची पाळी आणि गाल काही महिने बधिर राहणं मात्र अगदी नेहमीचं. कानातलं घालताना ते कुठे टोचतंय ते कळत नाही, एवढं बधिर.

राहता राहिलं मार्गशीर्षाचं लग्न. टाके आठ-दहा दिवसांत निघतात, निळेजांभळे डाग दोन-तीन आठवड्यांत जातात, त्यामुळे चार महिने पुरतील असं कोणीतरी तुम्हाला सांगितलं असेल. कागदावर पुरतात. पण व्रण तेव्हाही लालसर असतो, चेहरा आतून ताठ असतो, अंतिम रूप यायला सहा महिने ते वर्ष लागतं. हळदीला बायका तुमच्याही गालाला हात लावणार. आणि लग्नघरात आईचा रक्तदाब, झोप, साखर यांचं काय होतं हे मी माझ्याच लेकीच्या वेळी पाहिलंय. मी लग्नानंतरची तारीख घेईन. फोटोंसाठी फारच वाटत असेल तर चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाकडून किंवा प्लास्टिक सर्जनकडूनच गालात थोडंसं, विरघळवता येणारं फिलर, म्हणजे गाल भरणारं इंजेक्शन, लग्नाच्या महिनाभर आधी घेता येईल. रक्तवाहिनीत गेलं तर तेही धोक्याचं असतं, म्हणून पार्लरमध्ये मुळीच नाही. नुसता चांगला मेकअपवालाही बरंच काम करतो.

तुम्ही विचारलं नाही, पण विचारावंसं वाटलं असेल: मी स्वतः काही केलं का? वरच्या पापण्या, बासष्टाव्या वर्षी. चेहऱ्याला हात लावला नाही, धीर झाला नाही. पापण्या उचलल्यानंतर दुसऱ्या गावाहून आलेल्या धाकट्या बहिणीने तीन आठवड्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, चष्मा बदललास का गं? याहून नैसर्गिक काय असतं मला माहीत नाही. तो सर्जन कुठली नवी पद्धत वापरत नव्हता. कमी कापणारा होता.

शेवटचं. पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की दिवाळीपासून स्वतःचे ब्लाउज चार वेळा आत घेतले. म्हणजे वजन अजून उतरतंय. उतरत्या वजनावर चेहरा शिवला तर तो पुन्हा सैल होणार, तुमचं माप बदलतंय तोवर कोणताही शहाणा सर्जन सुरी उचलणार नाही. वजन साधारण सहा महिने एका जागी थांबायला हवं. काट्यावर विश्वास ठेवू नका, तो सकाळी एक सांगतो, संध्याकाळी एक. लग्नासाठी स्वतःला एक नवा ब्लाउज शिवा, नव्या मापाचा, आतली शिलाई मोजून दोन बोटं ठेवा. ज्या दिवशी घालाल ती तारीख आत अस्तरावर पेन्सिलीने लिहा. सहा महिने ती शिलाई हलली नाही, की मग पुण्याची गाडी पकडा.